काचेतली फुलं, काचेतल्या वेली : खान्देशातल्या घरांतून नेहमी येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार. तिन्हीकडे उन्हाळा कडक, बोअरचं पाणी जड, आणि बाजारातली बहुतेक फुलं देवासाठी देठाजवळ खुडलेली. पुण्या-मुंबईच्या हवेवर बेतलेल्या युक्त्या इथं निम्म्याच चालतात. म्हणून खालची उत्तरं इथल्या घरांसाठी आणि इथं हाताशी असलेल्या वस्तूंपुरती आहेत.

काचच कशाला? पितळी तांब्यात फुलं वाईट दिसतात का?

अजिबात नाही. उलट तांब्या सोपा. वाकडे देठ, सडलेली पानं, गढूळ पाणी सगळं पोटात घेतो. काच काहीच झाकत नाही. काचेच्या मांडणीत पाण्यावरची फुलं म्हणजे अर्धंच काम. पाण्याखालचे देठ, गोटे, मुळं, वेलीचं वेटोळं हे उरलेलं अर्धं, आणि बघणाऱ्याची नजर बहुतेक वेळा तिथंच आधी जाते. पाण्याखालचं निगुतीने करायचा कंटाळा असेल तर खुशाल तांब्या घ्यावा.

महागडी फुलदाणी घ्यावी लागते का?

लोणच्याची काचेची बरणी, मधाची किंवा सरबताची बाटली, कॉफीची रिकामी बाटली, माळ्यावर पडलेली कंदिलाची काच. एवढ्यावर वर्ष निघतं.

भांडं निवडताना रंगापेक्षा तोंड बघा. अरुंद तोंडाच्या बाटलीत तीन-चार देठ आपोआप उभे राहतात, पाणी कमी लागतं आणि कमी उडतं. चार-चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावांत हा फायदा लहान नाही. रुंद तोंडाच्या बरणीत फुलं बाजूला कलंडतात, तिथं आतून आधार द्यावा लागतो. कंदिलाची काच दोन्हीकडून उघडी असते. ती ताटलीत उभी करायची, आत छोटी बाटली ठेवायची, बाटलीत पाणी-फुलं आणि दोन काचांच्या मधल्या जागेत कोरडं काहीही.

एक सावधगिरी: जाड बुडाच्या बरणीत एकदम कढत पाणी ओतू नका. आतली बाजू पटकन फुगते, बाहेरची मागे राहते आणि काच तडकते. कोमट पाण्यापासून सुरुवात करा.

तो हिरवा फोम न वापरता फुलं उभी कशी ठेवायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तरही सगळ्यात मोठं आहे.

फुलवाले देठ खोचायला वापरतात तो हिरवा फोम १९५४ साली अमेरिकेत बाजारात आला. तो फिनॉल-फॉर्मल्डिहाइडपासून बनवलेलं प्लास्टिक आहे. चुरला की त्याचे बारीक कण पाण्यात जातात आणि कुजत नाहीत. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांतून तो बंद केला. तसंही काचेत हिरवी वीट दिसते ती दिसतेच, त्यामुळे आपल्या कामाला तो शोभतही नाही.

पहिला मार्ग वेलीच्या वेटोळ्याचा. मधुमालती छाटली की पेन्सिलीपेक्षा थोड्या बारीक काड्या निघतात. त्या हिरव्या असतानाच पानं काढून हातावर गुंडाळायच्या आणि बरणीत सोडायच्या. आत गेल्यावर त्या उलगडू पाहतात, काचेला टेकतात आणि जागच्या जागी घट्ट बसतात. वेटोळ्याच्या फटींतून देठ खोवायचे. तार नको, चिकटपट्टी नको. गुळवेलीचा जाड देठ तर याला फारच छान. त्याच्यावरच्या गाठी पाण्यातून मोठ्या दिसतात आणि तोडलेला देठ कित्येक दिवस जिवंत राहतो, कधी कधी पालवतोही.

दुसरा मार्ग बेचक्याचा. फांदीचं बेचकं तोंडापेक्षा किंचित मोठं कापून गळ्यात अडकवायचं. जपानच्या इकेबानात, म्हणजे फुलं मांडायच्या कलेत, या काडीला कुबारी म्हणतात, आणि उंच भांड्यात नुसत्या अशा आधारावर मांडणी करायची त्यांची स्वतंत्र शैली आहे, नागेइरे. आपल्याकडे त्यासाठी पेरूची फांदी घ्या. पेरूला बेचकी भरपूर आणि लाकूड चिवट. बेचकं फार घट्ट ठोकू नका. भिजल्यावर लाकूड फुगतं आणि पातळ काच फुटते.

तिसरा, तोंडावर काड्यांची जाळी. दोन उभ्या, दोन आडव्या, छेदाच्या जागी सुताने बांधलेल्या. सूत जाडं आणि पांढरं घ्या. जाळी दिसणारच आहे तर चांगली दिसू द्या.

चौथा, गोटे. त्याचं वेगळं विचारतात, म्हणून वेगळं सांगते.

तापी-गिरणेचे गोटे थेट चालतात का?

चालतात, पण थेट नाही. गाळ निघेपर्यंत घासा, मग पाण्यात उकळा आणि त्यातच निवू द्या. बेसाल्टचे काळे गोटे आणि गारगोट्या पाण्यात काही सोडत नाहीत. गोट्यावर पांढरा थर किंवा चुनखडीसारखा भाग दिसला तर त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर तो गोटा पाण्याला आणखी जड करणार, बाजूला काढा.

गोटे आधी भरून नंतर देठ खुपसायला गेलात की देठ मोडतात. आधी देठ हातात धरायचे, दुसऱ्या हाताने एकेक गोटा सोडायचा. बुडाला मोठे, वर लहान. ओंजळभर पुरतात. नदीतून पोतं भरून आणायची गरज नाही.

शेतातली काळी माती मात्र पाण्याच्या काचेत नको. ती बसत नाही, पाणी आठवडाभर चहाच्या रंगाचं राहतं.

बोअरच्या पाण्यात फुलं लवकर का जातात?

पाणी जड असतं, क्षार जास्त असतात, आणि फुलांना आवडतं त्यापेक्षा ते अल्कधर्मी असतं. थोडं आंबट पाणी देठातून सहज वर चढतं. उपाय सोपा: पाणी उकळून गार करा. क्षारांचा काही भाग तळाशी बसतो, वरचं निवळ पाणी वापरा. किंवा आरओचं वापरा. आरओचं बाहेर पडणारं पाणी वापरू नका, त्यात क्षार उलट जास्त असतात. मीठ घालून पाणी मऊ करणारं यंत्र घरात असेल तर ते पाणीही नको. त्यातलं सोडियम फुलांना सोसत नाही.

साखर घालावी का? अॅस्पिरिन? तांब्याचं नाणं?

नाणं आधी निकालात काढू. आजची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, त्यात तांबं शोधत बसू नका. अॅस्पिरिनवर भिस्त ठेवण्यासारखं काही नाही, ती डोकेदुखीला ठेवा.

साखरेचं तसं नाही. तोडलेल्या फुलाला अन्न मिळायचं थांबतं, त्यामुळे साखर कळ्या उमलायला खरोखर मदत करते. पण तीच साखर पाण्यातल्या जंतूंनाही पोसते, आणि जंतू देठाच्या नळ्या बुजवतात. म्हणून नुसती साखर घालणं न घालण्यापेक्षा वाईट. एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस गाळून घाला, आणि पाणी रोज बदला. रोज बदलणं जमणार नसेल तर साखर घालूच नका.

ताई, मे महिन्यात सकाळी लावलेली फुलं संध्याकाळी माना टाकतात. काही उपाय?

जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असताना फूल पाण्याला मुकतंच. पाकळ्यांतून पाणी उडण्याचा वेग देठातून चढण्याच्या वेगाला मागे टाकतो. आपण एवढंच करू शकतो की उडणं कमी आणि चढणं जास्त होईल असं बघायचं.

तोडणी सूर्य उगवायच्या आत. सकाळी देठ पाण्याने भरलेला असतो. दुपारी तोडलेलं फूल आधीच तहानलेलं असतं. तोडल्याबरोबर देठ पाण्यात, शेतातून येतानाच बादली बरोबर न्या. घरी आल्यावर देठाचं टोक पाण्याखाली धरून तिरपं कापा. हवेत कापलं की नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाण्याची वाट अडते. त्यासाठी विळी नको, धारदार कात्री किंवा ब्लेड घ्या. बोथट धारेने देठ चेंगरतो. लाकडी देठ हातोडीने ठेचायची जुनी पद्धत अजून सांगितली जाते. तीही सोडून द्या. ठेचलेला भाग लवकर सडतो, त्यापेक्षा टोकाला उभी चीर द्या.

पाणी कुठलं, हेही बघा. गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारं पाणी चटके देतं, त्यात फूल उकडतं. माठातलं पाणी घ्या. माठ पाझरतो म्हणून गार राहतो, काच पाझरत नाही. म्हणून रात्री काचेची बरणी ओल्या गोणपाटात गुंडाळून खिडकीशी ठेवायची. भोवतालचं पाणी उडताना बरणीची उष्णता घेऊन जातं आणि फुलांना रात्रीपुरता विसावा मिळतो.

जागा निवडताना कूलरच्या झोताखाली ठेवू नका. कूलरची हवा दमट असते हे खरं, पण झोत पाकळ्या सुकवतो. त्याच खोलीचा दुसरा कोपरा चांगला. टीव्ही आणि फ्रिजच्या माथ्यावर तर नकोच.

आणि खरं सांगायचं तर मे महिन्यात गुलाबाचा हट्ट सोडावा. बोगनवेल घ्या. उन्हात तीच टवटवीत असते. तिची सगळी पानं काढून फक्त रंगीत भाग ठेवला तर काचेत ती बरीच जास्त टिकते. बहावाही याच दिवसांत फुलतो. त्याचा एक लांब घोस उंच बरणीच्या काठावरून खाली सोडला की दुसरं काही लागत नाही.

वेल तोडली की तासाभरात लोळते. फुलं टिकतात, वेल टिकत नाही, असं का?

कारण आपण शेंडा तोडतो. शेंडा कोवळा, लवचीक, सुंदर वळलेला असतो आणि नेमका तोच सगळ्यात कच्चा. त्याच्या पेशींना ताठ ठेवणारं लाकूड अजून तयारच झालेलं नसतं, नुसत्या पाण्याच्या दाबावर तो उभा असतो. शेंड्याखालून वीतभर सोडून, जिथं देठ वाकवला तर लवतो पण चटकन मोडत नाही, तिथून खालचा तुकडा घ्या.

मग वेल आख्खी पाण्यात बुडवा. परातीत किंवा टबात, पानांसकट, दोन-तीन तास. वेलीची पानं पाणी बाहेर टाकतात तसं थोडं आतही घेतात. बाहेर काढल्यावर निम्मी पानं कमी करा. कमी केल्यावर वेलीची रेषा दिसते, आणि काचेत पाहायचं ते रेषेलाच. पाण्याखाली एकही पान ठेवू नका. बुडालेलं पान दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होतं आणि वास मारतं.

मग कुठल्या वेली घ्याव्यात?

मधुमालती आधी. संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी, मग लाल, त्यामुळे एकाच घोसात तीन रंग मिळतात. देठ लाकडी, तिला काचेची भीती नाही.

गोकर्णाचं एकेक फूल दिवसभराचं, म्हणून फुलाऐवजी कळ्यांची वेल तोडा, रोज नवं फूल येईल. गळलेल्या निळ्या पाकळ्या लगेच उचला, नाहीतर पाणी निळं होतं. लिंबाचा रस घातलेला असेल तर जांभळंही. मुलांना हा प्रकार भारी आवडतो.

संक्रांतवेल जानेवारीत केशरी फुलांनी लगडते. ती काठावरून खाली सोडायचीच वेल आहे, उभी करायला जाऊ नका. कृष्णकमळ दिसायला अद्भुत, पण एका दिवसाचा पाहुणा. गारवेल तर दुपारपर्यंतही थांबत नाही. जाई-जुईची वेल काचेत वासासाठी ठेवायची, दिसण्यासाठी नाही.

परसातल्या भाज्यांच्या वेली लोक विसरतात. गिलक्याचं पिवळं फूल सकाळी उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. पाहुणे कधी येणार ते बघून वेल निवडा. त्यांच्या तणाव्यांची स्प्रिंगसारखी वेटोळी काचेतून फार देखणी दिसतात. वेल एक-दोन दिवसांच्या वर टिकत नाही, पण परसातली आहे, उद्या दुसरी तोडता येते.

नुसत्या हिरव्या रेषेसाठी शतावरी. तिची सुईसारखी पानं फुलांपेक्षा जास्त टिकतात.

आमच्या गावी झेंडू, शेवंती सुटीच मिळते, देठच नसतो. काचेत लावायची कशी?

लावायची नाही, तरंगवायची. पसरट काचेचं भांडं, तीन बोटं पाणी, त्यात फुलं. पण भांडं गच्च भरू नका. पाणी दिसलं पाहिजे, नाहीतर ती काच असून नसल्यासारखी. पाच-सात शेवंत्या आणि मधून फिरणारी शतावरीची एक काडी पुरे. चाफ्यासाठीही हीच पद्धत. त्याच्या देठातून चीक येतो, उभं लावायच्या भानगडीत न पडता फूल तरंगतं ठेवावं. जास्वंदही एक दिवस उमललेली राहते, पाण्यात असो वा नसो.

देठाचा झेंडू मिळाला तर लक्षात ठेवा, त्याच्या पाण्याला लवकर दुर्गंधी येते. शेवंतीची पानं फुलांच्या आधी जातात, ती खालून काढून टाका. निशिगंधाची खालची फुलं आधी सुकतात, ती रोज खुडली की वरच्या कळ्या उमलत राहतात. जरबेऱ्याचा देठ केसाळ असतो, खोल पाण्यात सडतो, त्याला चार बोटं पाणी पुष्कळ.

घरात केळीचा घड पिकायला ठेवला होता. शेजारची फुलं दोन दिवसांत गळाली. संबंध आहे का?

थेट संबंध आहे. पिकणारी केळी इथिलीन वायू सोडतात. रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकवायला हाच वायू मुद्दाम सोडतात. फळाला तो पिकवतो, फुलाला म्हातारं करतो: कळ्या उमलत नाहीत, पाकळ्या गळतात. कार्नेशन, लिली आणि ऑर्किडला तो फार बाधतो, गुलाबाच्याही काही जातींना. शेवंतीला आणि जरबेऱ्याला फारसा नाही. रावेर-यावलकडच्या घरांत केळी नाही अशी खोली सापडणं अवघड, पण फुलदाणी निदान दुसऱ्या खोलीत ठेवा. आंब्याच्या आढीचंही तेच. फुलं रात्री फ्रिजमध्ये ठेवत असाल तर आतली फळं आधी बाहेर काढा. आणि सुकलेलं फूल ताज्यांमध्ये ठेवू नका, तेही इथिलीन सोडतं.

केळीचं सोपट, कापसाची बोंडं, दादर ज्वारीची कणसं यांचं काही करता येतं का?

करता येतं काय, हेच तर आपलं भांडवल. शहरातल्या दुकानांत वाळक्या बोंडांच्या काड्या विकत मिळतात, आणि आपल्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, बांधावर जळते.

ओलं आणि कोरडं एकत्र करायची युक्ती म्हणजे काचेत काच. मोठी बरणी बाहेर, लहान ग्लास आत. ग्लासात पाणी आणि ताजी फुलं, दोन काचांच्या मधल्या फटीत कोरडा माल. फटीत दादरचे दाणे भरा, वाळक्या लाल मिरच्या भरा, सरकी न काढलेला कापूस भरा. मिरची आणि पांढरा कापूस एकावर एक, वर निशिगंध, इतकंच केलं तरी ओळखू येतं की हे घर खान्देशातलं आहे.

कापसाच्या काड्या घ्यायच्या त्या शेवटच्या वेचणीनंतर. घेताना एकेक बोंड उघडून बघा. कवडी झालेली, डाग पडलेली, छिद्र असलेली बोंडं टाका. गुलाबी बोंडअळी अशाच बोंडांत दडून हंगाम काढते. म्हणून तर फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी ठेवून घेतलेलं जादा पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात साचवू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. सजावटीसाठी आणलेल्या काडीतून अळी जपून ठेवायला नको. चांगल्या काड्या कडक उन्हात वाळवा, पीक फवारलेलं असतं म्हणून मोकळ्या जागी झटका, आणि काम झाल्यावर हात धुवा. कपाशीचं ताजं फूल मात्र काचेत फार कुणी लावत नाही, याचं मला नवल वाटतं. पहिल्या दिवशी ते फिकट मलईच्या रंगाचं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी.

दादरची कणसं देठासकट उलटी टांगून सावलीत वाळवा. दाण्यात किडे होतात, बरणीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. कुसळी गवत दिसायला मोहक, पण त्याची कुसळं पडद्यात, सोफ्यात आणि पाहुण्यांच्या मोज्यात घुसतात.

केळीचं सोपट, म्हणजे खोडाची साल, दोन तऱ्हांनी. वाळलेलं, तपकिरी, पट्ट्या काढून बाहेरच्या काचेच्या आतून लावायचं, उजेड त्यातून मधाळ दिसतो. ते कोरडंच राहिलं पाहिजे, भिजलं की बुरशी. दुसरं, केळीच्या ताज्या पानाची पट्टी मधला दांडा काढून बरणीत गोल फिरवायची आणि त्यात पाणी-फुलं. देठ झाकले जातात, पाण्यात हिरवी सावली पडते. ही मांडणी दोन-तीन दिवसांची, मग पान बुळबुळीत होतं. कापताना जुने कपडे घाला. केळीच्या चिकाचे डाग कपड्याबरोबरच जातात, हे इथं कुणाला सांगायची गरज नाही.

कानबाईच्या वेळी अशी सजावट चालेल का?

का नाही? श्रावणातल्या या देवीची रविवारी स्थापना, सोमवारी सकाळी विसर्जन, म्हणजे फुलांना एक रात्र काढायची. टिकाऊपणाचा विचारच नको. मोगरा, जुई, परसातली गिलक्याची वेल, जे ताजं असेल ते वापरा. फक्त रोट खायला भाऊबंद जमले की मुलं धावतात, काचेची बरणी खाली जमिनीवर ठेवू नका. श्रावणात पुरेसा ओलावा असतो, वेलीही तेव्हा सगळ्यात जोमात. भुलाबाईच्या दिवसांसाठीही हेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र वर सांगितलेले उन्हाळ्याचे नियम.

मनी प्लांटच्या बाटलीत हिरवं शेवाळ होतं.

पाणी, उजेड आणि क्षार एकत्र आले की शेवाळ येणारच. पारदर्शक काचेत उजेड थेट मुळांपर्यंत जातो. खिडकीपासून आत सरकवा किंवा तपकिरी-हिरवी बाटली घ्या. काडी लावताना निदान एक पेर पाण्याखाली जाऊ द्या, मुळं तिथूनच फुटतात. पाणी आठवड्याला बदला आणि बाटली आतून घासा.

घासायचं कशासाठी? पाणी बदललं की झालं ना?

डासांसाठी. डेंग्यूचा एडिस डास नाल्यात नव्हे तर अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि ती पाण्याच्या रेषेजवळ काचेला चिकटवतो. पाणी ओतलं तरी अंडी तिथंच राहतात, कोरडी होऊनही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा: पाणी ओता, बाटलीच्या ब्रशने कडा घासा, उन्हात वाळवा, मग भरा. आरोग्यसेविका घरी आल्या की कूलर आणि कुंडीखालची ताटली बघतात, मनी प्लांटची बाटलीही त्यांना आपणहून दाखवा. गोट्यांची बरणी असेल तर गोटेही काढून धुवायचे. कंटाळा येतो, म्हणून पावसाळ्यात मी गोट्यांची मांडणी सुचवत नाही.

बंद बरणीतली बाग आपल्याकडे होते का?

होते, पण तिच्यासाठी घरातली सगळ्यात थंड खोली हवी. १८२९ च्या सुमारास लंडनच्या नथॅनियल वॉर्ड या डॉक्टरांनी पतंगाचा कोश बंद बाटलीत ठेवला होता. कोश राहिला बाजूला, बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा उगवला आणि पाण्याशिवाय वाढत राहिला. त्यातूनच काचेच्या बंद पेट्या आल्या, आणि अशाच पेट्यांतून चीनमधली चहाची रोपं समुद्रमार्गे भारतात पोचली. पण वॉर्डची बाटली लंडनमध्ये होती. आपल्या उन्हात बंद काच म्हणजे भट्टी. ऊन थेट पडलं तर दुपारीच झाडं शिजतात. तोंड उघडं ठेवा, उत्तरेच्या खिडकीजवळ ठेवा. तळाशी खडे, त्यावर थोडा लाकडी कोळसा, वर पालापाचोळ्याचं खत आणि वाळू. काळी माती इथंही नको, ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. विहिरीच्या आतल्या ओल्या दगडांवर पावसाळ्यात उगवणारे बारीक नेचे यात छान रुजतात.

लहान मुलं आहेत. काय टाळावं?

कण्हेर टाळा. ती सगळीच विषारी आहे आणि ती ठेवलेलं पाणीही. कळलावीचं फूल ज्वाळेसारखं, मोह पडतोच, पण तिच्यातलं कोल्चिसिन जीव घेऊ शकतं. गुंजांच्या लाल-काळ्या बिया बरणीत भरल्या तर सुरेख दिसतात, आणि मुलं तोंडात घालतात. माझ्या घरी मी त्या ठेवत नाही. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. मनी प्लांटची पानं चावली तर तोंडाची आग होते, मांजर असेल तर उंच जागी ठेवा.

सातपुड्यातून वेली, फांद्या आणल्या तर?

यावल अभयारण्यातून काही तोडून आणणं कायद्याने बंद आहे. बाकी वनातही विचारल्याशिवाय हात लावू नये. होळीच्या सुमारास पळस सगळीकडेच पेटलेला असतो, बांधावरच्या झाडाची एक फांदी मालकाला विचारून घ्या. बहाव्याच्या काळ्या शेंगा, बाभळीच्या शेंगा, सागाची फळं खाली पडलेलीच भरपूर मिळतात.

बरणी पांढुरकी पडली आहे. साबणाने जात नाही.

ते क्षार आहेत, त्यांना साबण काय करणार. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं भरून रात्रभर ठेवा, किंवा चमचाभर लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून. अरुंद बाटलीत ब्रश जात नसेल तर मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून जोरात हलवा. ब्लीचिंगने धुवायचं असेल तर वेगळ्या दिवशी. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू निघतो.

फुलं सुकल्यावर पाणी कुठं ओतायचं?

कुंडीत. कण्हेरीचं असेल तर मोरीत. साखर घातलेलं असेल तर अंगणातल्या झाडाला, कारण घरातल्या कुंडीला मुंग्या लागतात.

काचेचा गोल बाऊल खिडकीत उन्हात ठेवला तर छान चमकतो. ठेवू ना?

नका ठेवू. पाण्याने भरलेली गोल काच भिंगासारखं काम करते आणि ऊन एका ठिपक्यावर गोळा करते. त्या ठिपक्यात पडदा, कागद किंवा बोंडातला कापूस आला तर आग लागू शकते. खिडकीत ठेवायचीच असेल तर सपाट बाजूंची चौकोनी बरणी घ्या, आणि फेब्रुवारी ते जून या महिन्यांत तीही दुपारच्या उन्हातून आत ओढा.